कॅसेट ही लावायची वस्तू आहे

माझ्या घरात सध्या 340 च्या आसपास व्हीएचएस कॅसेटी आहेत. जवळजवळ सगळ्या 1970 आणि 80 च्या दशकांतल्या परदेशी गुन्हेगारीपटांच्या, त्यातही निम्म्याहून जास्त इटालियन. या कॅसेटींवरून मला दोन प्रकारची माणसं दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. पुण्याकडचे नातेवाईक विचारतात, "अरे, आता सगळं नेटवर मिळतं ना, मग ही अडगळ कशाला?" आणि इथले, म्हणजे हॉलंडमधले माझ्यासारखेच संग्राहक विचारतात, "कंडिशन कशी आहे? सील आहे का?"

पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो. का येतो, ते आज जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सिनेमे कुठले ते सांगायला हवं, नाहीतर आमच्या मावशीला वाटायचं की मी 'तसले' सिनेमे जमवतो :)

12 डिसेंबर 1969 ला मिलानमधल्या पिआत्सा फोंताना चौकातल्या एका बँकेत बॉम्ब फुटला आणि 17 माणसं गेली. तिथून पुढची दहाबारा वर्षं इटलीत डावे, उजवे, माफिया आणि साधे दरोडेखोर असा सगळा गोंधळ चालू होता. बॉम्ब, बँकांवरचे दरोडे, खंडणीसाठी पळवापळवी. 1978 मध्ये तर माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांनाच पळवून मारलं, आणि 1980 मध्ये बोलोन्या रेल्वे स्टेशनवरच्या स्फोटात 85 जण मेले. इटालियन लोक या काळाला 'शिशाची वर्षं' म्हणतात. शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळीतलं.

याच वर्षांत तिथे स्वस्तातले, घाईघाईत काढलेले पोलीसपट धडाधड येत होते. 1972 चा 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' हा त्यातला एक सुरुवातीचा. माजी पोलिसांची एक गुप्त टोळी गुन्हेगारांना परस्पर संपवायला लागते, अशी त्याची गोष्ट. गंमत म्हणजे तो काढणारा दिग्दर्शक, स्तेनो, आयुष्यभर विनोदी सिनेमे करत आलेला. या सिनेमाला मात्र त्याने टोपणनाव न लावता स्तेफानो वानझिना हे आपलं खरं नाव लावलं. मग 1974 मध्ये कास्तेल्लारीचा 'इल चित्तादिनो सि रिबेल्ला' आला. त्यात फ्रँको नीरो हा एक साधा इंजिनिअर आहे, पोस्टात पैसे भरायला जातो आणि दरोड्यात सापडतो. पोलीस काही करत नाहीत म्हणून स्वतःच त्यांच्या मागे लागतो. आपल्याकडे अमिताभ जो राग पडद्यावर काढत होता तो आणि हा राग अगदी एक नव्हेत, पण चुलत भाऊ नक्कीच.

समीक्षकांनी या सिनेमांना 'पोलित्सिओत्तेस्को' असं नाव ठेवलं. त्या 'एस्को' शेपटीत हेटाळणी आहे, म्हणजे आपण 'पोलीसछाप' म्हणू तसं काहीतरी. फॅसिस्ट म्हणूनही शिव्या घातल्या, आणि काही सिनेमांच्या बाबतीत ते चूकही नव्हतं. पण त्या गर्दीत फर्नांडो दि लेओसारखा माणूसही होता. त्याचा 'मिलानो कालिब्रो 9' (1972) ज्याने पाहिला नाही त्याचा मला हेवा वाटतो, कारण त्याला तो पहिल्यांदा बघायचा आहे. उगो पिआत्सा तुरुंगातून सुटतो. टोळीच्या मते टोळीचे तीन लाख डॉलर त्यानेच कुठेतरी दडवलेत. तो नाही म्हणतो. बस, एवढंच. ते काम करणारा गास्तोने मोस्किन तुम्ही पाहिलेला आहे, 'गॉडफादर 2' मध्ये पांढरा सूट घालून गल्लीतून मिरवणारा डॉन फनुची तोच.

दि लेओ 2003 च्या डिसेंबरात गेला. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, व्हेनिसच्या महोत्सवात याच हेटाळलेल्या इटालियन सिनेमांचा मोठा विभाग भरवला गेला. त्याच्यामागे क्वेंटिन टॅरँटिनो आणि जो दांते हे दोघे उभे होते. जेमतेम नऊ महिन्यांनी चुकली बिचाऱ्याची वेळ. आणि टॅरँटिनोला हे सिनेमे कुठे सापडले? कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचवर 'व्हिडीओ आर्काइव्ह्ज' नावाचं एक दुकान होतं, 80 च्या दशकात तो तिथे काउंटरवर उभा असायचा. म्हणजे या सिनेमांना मधली पंचवीसेक वर्षं जिवंत ठेवलं ते ना विद्यापीठांनी, ना सरकारी संग्रहालयांनी. भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानांनी ठेवलं.

तर आता पहिला प्रश्न. नेटवर मिळतं ना?

काही मिळतं, आणि उत्तम मिळतं. 'कालिब्रो 9' च्या आता इतक्या सुंदर दुरुस्त केलेल्या डिस्क आहेत की माझ्याकडची त्याची कॅसेट मी उद्या कोणालाही देऊन टाकीन. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा. त्यात हे सिनेमे बऱ्याचदा रुंद पडद्यासाठी काढलेले, ते चौकोनी टीव्हीत बसवायला दोन्ही बाजूंनी छाटलेले. सर्वांत रुंद प्रकारातल्या सिनेमाचं चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र त्यात जातं. दोघं समोरासमोर बोलत असतात आणि आपल्याला दिसतं मधलं टेबल आणि दोन नाकं. "टेपचा उबदारपणा" वगैरे जे लोक म्हणतात त्यांना माझा दंडवत. मला त्या उबेचं काही पडलेलं नाही.

मग कॅसेट का? कारण एकच सिनेमा हा एकच सिनेमा नसतो.

त्या काळात इटलीत चित्रीकरणाच्या वेळी आवाज बहुधा धरतच नसत. एक नट इटालियनमध्ये बोलतोय, समोरचा अमेरिकन इंग्रजीत, तिसरा चक्क आकडे मोजतोय, आणि सगळ्यांचे आवाज नंतर स्टुडिओत भरले जायचे. म्हणजे इटालियन आवृत्तीसुद्धा डब केलेलीच! त्यामुळे "मूळ भाषेत पाहिला का?" हा प्रश्न या सिनेमांना लागूच पडत नाही. हेन्री सिल्वासारख्या अमेरिकन नटाचे ओठ इंग्रजीत हलतात, तेव्हा इंग्रजी आवाजपट्टी ही दुय्यम नव्हे. काही सिनेमांचे निगेटिव्ह इटलीत नीट जपलेले सापडले, पण इंग्रजी आवाज मात्र कुठल्याशा देशातल्या भाड्याच्या कॅसेटवरच उरलाय, असं होतं. आज तुम्ही महागडी डिस्क लावता आणि मध्येच आवाज दबल्यासारखा खरखरीत होतो ना, तेव्हा समजावं की तेवढा तुकडा कोणाच्या तरी कपाटातल्या टेपवरून आलाय.

शिवाय नावं. दि लेओच्याच 'ला माला ओर्दिना'ला इंग्रजीत 'द इटालियन कनेक्शन' म्हणतात (कारण 1971 चा 'फ्रेंच कनेक्शन' गाजला होता, उघड आहे), कुठे तो नुसता 'मॅनहंट' आहे. उंबेर्तो लेन्झीचा 'मिलानो ओदिया' (1974) हा अपहरणाचा अत्यंत क्रूर सिनेमा. तोमास मिलियानने त्यात जो भेदरट, बडबड्या खुनी उभा केलाय तसा मी दुसरा पाहिलेला नाही. पण अमेरिकेत तो 'ऑलमोस्ट ह्यूमन' नावाने भुताखेताचा सिनेमा असल्यासारखा विकला गेला. दारिओ अर्जेंतोच्या 'तेनेब्रे'ची (1982) अमेरिकेत 'अनसेन' झाली, आणि त्यात दहाएक मिनिटं कापली.

आणि कात्री प्रत्येक देशाची वेगळी. जर्मनीत डबिंग, वर बरीच कापाकापी. हॉलंडमध्ये प्रौढांच्या सिनेमावरची सेन्सॉरशिप 1977 मध्येच गेली, आणि डच माणूस परदेशी सिनेमा डब करत नाही, खाली ओळी देतो. त्यामुळे इथल्या कॅसेटींवर बऱ्याचदा इंग्रजी आवाज, डच सबटायटल आणि न कापलेला सिनेमा असा तिहेरी योग जुळून येतो. मी इथे नोकरीला आलो हा योगायोग, पण या बाबतीत माझी पत्रिका चांगली होती म्हणायची. एप्रिलमध्ये राजाच्या वाढदिवसाला (आधी राणीच्या) अख्खा देश रस्त्यावर चादरी अंथरून घरातलं जुनं सामान विकतो. माझा निम्मा संग्रह त्या चादरींवरून उचललेला आहे, एका वेळी अर्धा-एक युरो देऊन.

कापलंय की नाही ते ओळखायची एक युक्ती सांगतो. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी काढलेला असतो. युरोपातली (आणि आपलीही) पाल पद्धत 25 ने चालते. म्हणजे शंभर मिनिटांचा सिनेमा पालवर 96 मिनिटांत संपतो, आवाजही किंचित चढा लागतो. तेव्हा 97 मिनिटांचा सिनेमा माझ्या टेपवर 93 भरला तर काळजी नाही. 88 भरला तर मात्र पाच मिनिटं कोणीतरी खाल्ली. यासाठी मी स्टॉपवॉच घेऊन बसतो. बायको ते दृश्य फोनवर काढून सगळ्यांना पाठवते, तुम्हीही पाहिलं असेल.

टेपवर आणखीही एक गोष्ट असते, जी डिस्कवर कधीच येणार नाही. भाड्याच्या कॅसेटचा जो भाग लोकांनी पुन्हापुन्हा मागे नेऊन, थांबवून पाहिला तिथे टेप झिजते, चित्रात पांढऱ्या रेघा येतात. कुठल्या प्रसंगांना ते विचारू नका. पण मला त्या रेघा आवडतात. गावातल्या चाळीसपन्नास अनोळखी लोकांनी सह्या करून ठेवल्यासारख्या.

ब्रिटनची गोष्ट वेगळीच. तिथे सुरुवातीला थिएटरच्या सिनेमाला प्रमाणपत्र लागायचं, व्हिडीओला नाही. मग "मुलं बिघडताहेत" अशी ओरड झाली, सरकारी वकिलांच्या खात्याने याद्या केल्या, पोलिसांनी दुकानांतून कॅसेटी उचलून नेल्या. एकूण 72 सिनेमे त्या यादीत आले-गेले, त्यातल्या 39 वर खटला यशस्वी झाला. 'तेनेब्रे' त्या 39 मध्ये होता. 1984 च्या कायद्याने प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं झालं. ज्या छोट्या कंपन्यांकडे तेवढे पैसे नव्हते त्यांचे सिनेमे रातोरात बेकायदा. आणि 2009 मध्ये उघडकीला आलं की हा कायदा युरोपियन आयोगाला कळवायचाच राहून गेला होता, म्हणजे तो पंचवीस वर्षं लागू करण्याजोगाच नव्हता! 2010 मध्ये तोच पुन्हा नव्याने मंजूर करून घेतला. एवढ्यासाठी माणसांनी दंड भरले, दुकानं बंद केली. असो.

त्या प्रमाणपत्राआधीच्या ब्रिटिश कॅसेटी आता महाग आहेत. आणि इथे येतो माझा रागाचा मुद्दा.

दुर्मीळ वस्तूला किंमत येणार, त्यात नवल नाही. पण गेल्या काही वर्षांत बाजार सिनेमावरून खोक्यावर गेलाय. कॅसेट कंपनीकडे पाठवायची, ती तिला गुण देणार, जाड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करून परत पाठवणार. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेत 'बॅक टु द फ्युचर'ची एक सीलबंद कॅसेट लिलावात 75,000 डॉलरला गेली. 'बॅक टु द फ्युचर'! जो सिनेमा जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात आज रात्री बघता येतो. त्याचं मला दुःख नाही, ज्याचे पैसे तो जाणो. पण ही रीत आमच्या क्षेत्रात शिरली की तिथे नुकसान खरं होतं. कारण आमच्याकडच्या काही कॅसेटी शेवटच्या आहेत.

एक डच गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. नाव सांगत नाही. त्यांच्याकडे एका अगदी अप्रसिद्ध इटालियन पोलीसपटाची न उघडलेली डच कॅसेट होती. माझ्या माहितीत त्या आवृत्तीची दुसरी प्रत कोणाकडे नव्हती. मी दोनतीनदा म्हटलं, काका, एकदा उघडू, मी कॉपी करून देतो, परत पाकिटात घालू. ते हसून म्हणायचे, उघडली की ती सगळ्यांसारखी होईल. 2019 मध्ये ते गेले. मला कळायला सहा आठवडे लागले. तोवर मुलांनी घर रिकामं करून सगळ्या कॅसेटी नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर पोचवल्या होत्या. मुलांना दोष कसा देणार? त्यांना ते प्लॅस्टिकच दिसलं, कारण बापानेही त्यांना त्यातला एकही सिनेमा कधी दाखवला नव्हता.

म्हणून म्हणतो, न लावलेली कॅसेट जपणं याला मी जपणं म्हणत नाही. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण धरून ठेवणारा एक लेप असतो, आणि तो लेप हवेतला ओलावा पिऊन हळूहळू सुटतो. सील असलं तरी सुटतो. गुण देणारी कंपनी पाकिटाला गुण देते, आतल्या टेपचं काय झालंय ते तिला ठाऊक नसतं. आणि लावायची म्हटली तर यंत्र? जपानच्या फुनाई कंपनीने 2016 च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती उरलेली शेवटची कंपनी होती. माझ्याकडे तीन व्हीसीआर आहेत, त्यातला एक बाकीच्या दोघांना सुटे भाग पुरवतो.

बरं, मोठ्या संस्थांकडे दिलं की झालं, असंही नाही. न्यूयॉर्कमधल्या 'किम्स व्हिडीओ'ची गोष्ट माहीत आहे का? योंगमन किम या कोरियन गृहस्थाने उभं केलेलं दुकान, 55,000 सिनेमे, त्यातले कित्येक बाकी कुठे न मिळणारे. 2009 मध्ये बंद करताना त्याने अट घातली, संग्रह फोडायचा नाही आणि जुन्या सभासदांना बघता आला पाहिजे. मोठमोठ्या अमेरिकन संस्था राहिल्या बाजूला, संग्रह गेला सिसिलीतल्या सालेमी नावाच्या गावाला! तिथल्या महापौरांनी मोठी स्वप्नं दाखवली होती. प्रत्यक्षात खोकी वर्षानुवर्षं पडून राहिली. 2012 मध्ये माफियाच्या शिरकावाचं कारण देऊन इटालियन सरकारने ती नगरपालिकाच बरखास्त केली. माफियापटांचा संग्रह आणि त्याचा हा मुक्काम, दि लेओलाही सुचलं नसतं. शेवटी दोन माहितीपटकारांनी मागे लागून तो 2022 मध्ये न्यूयॉर्कला परत आणला, त्यावर त्यांचा सिनेमाही आला 2023 मध्ये. याउलट येल विद्यापीठाने 2015 मध्ये 2,700 कॅसेटी, बहुतेक भयपट आणि मारधाडीचे, ग्रंथालयात रीतसर दाखल करून घेतल्या. तेव्हा खूप जण हसले होते. पुण्याच्या फिल्म संग्रहालयासाठी पी. के. नायर रिळांची भीक मागत हिंडायचे तेव्हाही हसणारे असतीलच. 'आलम आरा'ची आज एकही प्रत नाही, एवढं आठवलं तरी पुरे.

कॉपी करणं कायद्यात बसतं का, असं माझा वकील मेव्हणा विचारतो. रास्त प्रश्न आहे. यातल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या, हक्क कोणाकडे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. युरोपने 2012 मध्ये अशा 'अनाथ' कलाकृतींसाठी नियम केला, पण तो ग्रंथालयं, संग्रहालयं यांच्यासाठी. घरातल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून मी काही नेटवर चढवत नाही, विकत तर नाहीच. ज्यांची दुसरी प्रत मला सापडलेली नाही अशा 41 कॅसेटींच्या कॉपी करून ठेवल्यात, आणि डिस्क काढणाऱ्या कंपन्यांनी मागितलं तेव्हा फुकट दिलंय. दोनदा मागितलं आहे.

एक अवघड गोष्ट राहिली. यातल्या कित्येक सिनेमांत बायकांना ज्या तऱ्हेने वागवलंय ते बघवत नाही. माझ्या मुलीने एकदा पंधरा मिनिटं पाहिलं आणि "बाबा, हे तुम्ही जपताय?" असं विचारून उठून गेली. तिचं बरोबर आहे. तरी ते न कापता राहावं असंच माझं मत आहे. सत्तरीतला तो राग कोणावर निघत होता, हे कापलेल्या प्रतीत दिसत नाही. ती अजून पटलेली नाही, आमची चर्चा चालू आहे.

आता नातेवाइकांसाठी. मावशी, दादा, नंदूकाका, तुमच्या सगळ्यांच्या माळ्यावर लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटी आहेत, मला पक्कं माहीत आहे. त्या पालच असणार, माझ्या यंत्रावर चालतील. डिसेंबरात येतोय तेव्हा बरोबर घेऊन जाईन. तोवर एवढं करा, कोपऱ्यावरच्या कोणाकडून व्हीसीआर आणून त्या लावून बघू नका. खिडकीतून टेपच्या रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, यंत्रात गेली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तशा वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर लिहा. बाकीच्या उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या. सुधाताईच्या लग्नाची कॅसेट नंदूकाकांकडे आहे की बडोद्याला गेली, हे कोणीतरी नक्की करून मला कळवा.